काबरीखालची नऊ अंडी

घरामागच्या पडवीत सध्या एक कोंबडी उबवायला खुडूक बसली आहे. सकाळी दाणे घेऊन गेले की पिसं फुलवते, गळ्यातल्या गळ्यात कुरकुरते आणि मनगटावर अशी चोच हाणते की दुपारपर्यंत तिथं लाल राहतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. कोंबडीनं मला चोच मारावी, एवढं कारण माझ्याकडून घडलेलं आहे.

परभणीच्या कडेला, जिथं शहर संपून तुरीची शेतं लागतात, तिथं आमचं घर. मागं चार हात जागा, तिथं आठ कोंबड्या. पहाटे खुराड्याचं दार उघडायचं, पाण्याचं भांडं राखेनं घासायचं, ज्वारीच्या कण्या टाकायच्या. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं की शिंपल्याचा चुरा द्यायचा. मानमोडीची लस चुकवायची नाही. मुंगसासाठी जाळी, मांजरासाठी काठी. शाळेत मी विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर अंड्याचं आडवं चित्र काढते, पिवळा बलक, पांढरा बलक, टोकाशी हवेची पोकळी. सहकारी चेष्टा करतात, "मॅडम, तुम्ही अंड्यावर धडा घेता की अंड्यांचा धंदा करता?" मीही हसते. चित्र पुसताना मात्र माझा हात जरा जास्त जोरात चालतो.

गेल्या वर्षी आई गेली. पूर्णेकडच्या आमच्या खेड्यातलं घर आवरताना भावानं भांडी घेतली, वहिनीनं गोधड्या. मला काय पाहिजे म्हणून विचारलं, तर मी न्हाणीवरच्या माळ्यावरचं डालगं मागितलं. कोंबड्या झाकायचं, तुरीच्या काड्यांचं, एका बाजूनं उंदरांनी खाल्लेलं. वहिनी म्हणाली, "आवं ताई, हे तर चुलीत घालायचंय." मी ते छातीशी धरून अंगणात आणलं. उलटं करून आत डोकं घातलं. इतक्या वर्षांनीही आत तोच वास होता. राख, वाळलेली शीट, ज्वारीचा कोंडा आणि उबदार पिसांचा. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी, डालग्यात तोंड घालून बसलेले, आणि भावाला वाटलं की आईसाठी रडतेय.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटून गेलं की आता मला मार पडणार नाही.

*

त्या घराच्या मागल्या अंगणात आमच्या सहा-सात कोंबड्या असत. वडिलांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळं अंडं घरातल्या चुलीवर चढायचं नाही. मागं तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी पळी, वेगळं भगुणं. तिथला कारभार नर्मदाकाकूचा. वडिलांच्या धाकट्या भावाची ती बायको, चारठाण्याची. लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिनं येताना काय आणलं ते मला आठवत नाही, पण तिची हाक आठवते. दारात उभी राहून ती "तीऽव, तीऽव" अशी हाक द्यायची. शेवटचा सूर वर जायचा आणि तिथंच थांबायचा. आमच्या आईनं बोलावलं तर कोंबड्या मान वर करून पुन्हा उकिरडा उकरायला लागत. काकूनं बोलावलं की कुंपणापलीकडून, कडब्याच्या गंजीखालून धावत येत. आई म्हणायची, "मी दाणे टाकते, पर ह्या रांडा हिच्याच झाल्यात."

संध्याकाळी पूर्णेची गाडी शिट्टी देऊन गेली की कोंबड्या डालायची वेळ. काकू एकेक पकडून डालग्याखाली सारायची आणि मी वरून दगड ठेवायची. तिच्या लुगड्याला दिवसभराच्या कामाचा वास असायचा, कापसाच्या बोंडांचा, धुराचा. नवी तलंग पहिल्यांदा अंडं घाली तेव्हा ते लहानसं, क्वचित रक्ताची रेघ असलेलं असायचं. ते माझं. काकू लोखंडी पळीत तेलाचा थेंब टाकायची, जाळावर धरायची, त्यात अंडं फोडायची. चर्र असा आवाज, कडेनं तपकिरी जाळी, वर मिठाचे चार खडे. पळीतूनच फुंकून खायचं. तसं अंडं मी नंतर पुष्कळदा करून पाहिलं. तव्यावर केलं, पळीतही केलं.

काकूला चार वर्षं मूल नव्हतं. घरात कुणी तिला तोंडावर बोलत नसे. माझी आई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तसं वाटेल. आई तिला डोक्याला तेल लावून द्यायची, उपासाला खिचडी करून द्यायची. पण कुणाच्या बारशाचं बोलावणं आलं की दोघी एकमेकींकडं बघत नसत. तेवढ्यावरून मला कळायचं.

ओढ्याच्या पल्याड मेंढरंवाल्यांची पाच-सहा घरं होती. त्यातली सोजरमामी रोज आईकडं ताक न्यायला यायची. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर आडवं कुंकू, आणि आवाज असा की अंगणात बोलली तरी गल्लीला कळावं. दिवाळी झाली की ते लोक मेंढरं घेऊन चराईला निघत, ते शिमग्याच्या आसपास परत येत. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी ती काखेत एक कोंबडी घेऊन आली. पांढऱ्यावर काळे ठिपके, लालभडक तुरा. काबरी.

"खुडूक बसली की वं नेमकी," सोजरमामी म्हणाली. "घोड्यावर बांधली तर वाटंत जीव सोडंल. तुमी ठिवून घ्या. अंडी तुमची, कोंबडी माजी. पिलं निंगाली तर निम्मी तुमची, निम्मी माजी."

आमच्याकडं ही रीतच होती. आईनं काबरीला हातात तोललं, पोटाखाली हात घालून बघितलं. मग सोजरमामीनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"आन एक करा. नर्मदाच्या हातानं अंडी ठिवा. नऊ ठिवा. नऊ म्हैन्याची नऊ. पिलं निंगाली की हिची बी कूस उजवंल बगा. माज्या नंदंचं असंच झालं."

काकू न्हाणीच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. आईनंही बघितलं की तिनं ऐकलं. आणि मी, दहा वर्षांची, त्या दोघींच्या मधे उभी होते.

*

बुधवारी दिवेलागणीला अंडी ठेवली. काकू डोक्यावरून न्हाली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं. टोपलीत तळाला वाळू, वर चाळलेली राख, वर गव्हाचं भुसकट. आकाश गडगडलं तर पिलं आतल्या आत दगावतात म्हणून कडेला एक लोखंडी खिळा आणि कोळसा. आईनं नऊ अंडी निवडली, उजेडाला धरून बघितली, प्रत्येकावर कोळशानं रेघ मारली. काकूनं ती सगळी आधी आपल्या ओटीत घेतली. पदरात नऊ अंडी घेऊन ती जरा वेळ तशीच बसली. मग एकेक काढून काबरीच्या पोटाखाली सारलं. काबरीनं तिला चोच मारली नाही, पिसं पसरून नऊच्या नऊ आत ओढून घेतली.

त्यानंतरच्या दिवसांइतकं आमचं घर हलकं मी कधी पाहिलं नाही. काकू अंगण झाडताना गुणगुणायची. दुपारी काबरीला उठवायचं काम माझ्याकडं होतं. दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली की ती क्षणभर पाय विसरल्यागत उभी राही, मग धावत जाऊन भली मोठी घाण करी. तिचा वास असा की नाक धरावं. घाईघाईनं दाणे, घाईघाईनं पाणी, राखेत दोन लोळण्या, आणि परत. तेवढ्या वेळात मी अंडी मोजायची. ती गरम असत आणि दिवसागणिक जड वाटत. संध्याकाळी शेतातून आली की काकू पहिल्यांदा मला विचारायची, "काय म्हनली काबरी आज?"

"लवकर या म्हनली," मी सांगायची.

काकू हसायची. पुढचे दात जरा वर असल्यामुळं हसताना ती तोंडावर पदर धरायची. त्या दिवसांत धरायची विसरली.

आई म्हणायची, अंड्याला थंडी लागू द्यायची नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

*

एकोणिसावा दिवस. मला आदल्या दिवशी ताप येऊन गेला होता म्हणून मी घरी, बाकी सगळे कापूस वेचायला गेलेले. थंडीचे दिवस. ऊन होतं, पण सावलीत पाय ठेवला तर फरशी चावायची.

आदल्या वर्षी आईनं एकदा केलं होतं ते मी पाहिलं होतं. पिलं निघायला दोन दिवस राहिले की अंडी परातीतल्या कोमट पाण्यात सोडायची. आत जीव असेल तर अंडं पाण्यावर हलतं, डुलतं. आमच्याकडं त्याला अंडं नाचतं असं म्हणत. जे नाचत नाही ते काढून टाकायचं. मला वाटलं, आपण बघून ठेवावं. संध्याकाळी काकूनं विचारलं, काय म्हणली काबरी, की सांगावं, नऊच्या नऊ नाचली. तिचा चेहरा कसा होईल हे मला दुपारपासूनच दिसत होतं.

मागल्या चुलीवर हंडा होता. खाली निखारे होते. मी परातीत पाणी ओतलं. वाफ आली. गार पाणी घालायला हवं होतं, ते मला माहीत होतं. पण थंडी होती आणि अंड्याला थंडी लागू द्यायची नव्हती. मी थोडंसंच घातलं.

काबरीला उठवून एकेक अंडं सोडलं. ती नाचली. आईच्या वेळेस नुसती डुलली होती, ही मात्र उड्या मारल्यागत नाचली. परातीच्या काठाला आपटली, एकमेकांना धक्के दिले, गरगर फिरली. नऊच्या नऊ. मी टाळ्या वाजवल्या. हे मला आजवर कुणापुढं बोलता आलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. मी टाळ्या वाजवल्या.

मग एक थांबलं. मग दोन थांबली. मला वाटलं, दमली. मी पाण्यात बोटं घालून एकाला हलवलं. मग सगळीच थांबली आणि पाणी स्थिर झालं. अंगणात फक्त काबरीचा आवाज होता. ती राखेतून उठून टोपलीकडं आली होती आणि रिकाम्या भुसकटात पाय मारत होती.

मी अंडी फ्रॉकला पुसली. कोळशाच्या रेघा धुऊन गेल्या होत्या, त्या पुन्हा काढल्या. टोपलीत ठेवली. काबरी बसली. माझी बोटं लाल झाली होती. त्यावरून मला कळायला हवं होतं. कळलं होतं.

संध्याकाळी काकूनं विचारलं, "काय म्हनली काबरी?"

"काई न्हाई म्हनली," मी सांगितलं.

*

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. आई टोपलीला कान लावायची. काकू लांब उभी राहायची, हात पदरात. पंचविसाव्या दिवशी वास यायला लागला. आईनं एक अंडं उचलून कानाशी हलवलं. आत डचमळलं.

"भरलीच न्हाईत, जीवच न्हाई धरला," आई म्हणाली.

"एक बी न्हाई?" काकूनं विचारलं.

"एक बी न्हाई."

एवढंच बोलणं झालं. आईनं काकूकडं बघितलं नाही, आणि ते न बघणं मला आजही दिसतं. मग आई मला म्हणाली, "जा, वढ्याच्या पल्याड पुरून ये. हितं फोडू नगंस, घरभर घाण सुटंल."

मी टोपलं घेऊन गेले. ओढ्याच्या काठाला बाभळीखाली दगडानं खड्डा केला. ठेवताना एक हातातून निसटून दगडावर फुटलं. आत पिल्लू होतं, पुरं झालेलं. ओली पिसं अंगाला चिकटलेली, पांढऱ्यावर काळे ठिपके. चोच एवढीशी. मी बघितलं आणि सगळ्यांवर माती लोटली. घरी येऊन हात धुतले, राखेनं धुतले, पुन्हा धुतले. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

काबरी रिकाम्या टोपलीत आणखी कितीतरी दिवस बसली. उठवलं तरी परत जाऊन बसायची. छातीचं हाड हाताला लागेस्तोवर वाळली, तुरा पिवळट पडला. शिमग्याला सोजरमामी आली. तिनं कोंबडीला काखेत घेतलं, वजनावरून सगळं ओळखलं.

"किती निंगाली?"

"एक बी न्हाई," आई म्हणाली.

सोजरमामीनं काबरीच्या पिसांवरून हात फिरवला. तिच्या मनात काही वाईट नसावं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. हात असतोय एकेकीचा."

पण तिचा आवाज गल्लीला ऐकू जाणारा होता.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक आईनं एकटीनं हाटला. लोणच्याच्या फोडींना मीठ लावायला शेजारणीला बोलावलं. पेरणीच्या दिवशी पाभरीला हळद-कुंकू लावायला आई गेली, काकू घरी. कुणी तिला नको म्हटलं नाही, फक्त कुणी ये म्हटलं नाही. आणि काकू तरी कुठं पुढं होत होती? अंडी उचलणं तिनं सोडलं. दाणे लांबून फेकायची. हाक द्यायची बंद झाली. कोंबड्या काही दिवस तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या, मग त्यांनाही सवय झाली.

नागपंचमीला चारठाण्याहून तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून आला. काकूनं एक पिशवी भरली. पंचमीला जाणाऱ्या बाया पिशवी भरतात तेवढीच. मी अंगणात होते. ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "कोंबड्यायचं पानी बगत जाय, माय."

ती वळली तेव्हा माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. पंचमी झाली, पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. आमच्याकडून तिला आणायला मूळ कुणी धाडलं नाही. पुढच्या चैत्रात काकांचं दुसरं लग्न झालं. मी त्यात नवा फ्रॉक घालून मिरवले.

*

मी विज्ञान शिकवते. मला कळतं की नऊ पिलं निघाली असती म्हणून काकूला मूल झालंच असतं असं नाही. पिलं निघून, मूल न होता, तिला तरीही पंचमीला पाठवलं असतं आणि मूळ धाडलं नसतं, हेही होऊ शकलं असतं. हा हिशेब मी हजारदा केलाय आणि तो बरोबर आहे. पण त्या हिशेबात तिचे हात कुठंच येत नाहीत. तिच्या हातांचं मी केलं, तेवढं मीच केलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी डालगं घेऊन जिंतूरच्या बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, कोंबडीचं तिकीट काढावं लागतं हं." मी डालगं उलटं करून दाखवलं. "रिकामंच न्यायलाव की!" तो म्हणाला आणि पुढं गेला. जिंतूरला बस बदलली. चारठाणा येईपर्यंत मी काय बोलायचं ते पाठ करत होते. उतरल्यावर सगळं विसरले.

घर शोधत फिरावं लागलं नाही. "नर्मदाआत्याचं न? ते काय, अंडेवाल्या आत्याचं," एका बाईनं बोट दाखवलं. जुन्या देवळाच्या मागं, जिथं कोरीव दगडांवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या आणि दोन कोंबड्या त्याच दगडांच्या सावलीत धुळीत लोळत होत्या, तिथं तिच्या भावाचं घर. भाऊ आता नाही. भाचा, त्याची बायको सुरेखा, आणि काकू.

काकू साठीची झालीय. दात पडलेत, त्यामुळं तोंडावर पदर धरायची गरज राहिली नाही. मला तिनं ओळखलं ते आवाजावरून. "आगं माय! केवढी झालीस!" तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आईचं कळलं होतं तिला. डोळे पुसले. मग तिनं मला चहा पाजला.

अंगणात अठरा-वीस कोंबड्या. सगळ्या गल्लीला अंडी हिच्याकडून जातात. तिनं डबा खुळखुळवला, कोंबड्या गोळा झाल्या. हाक दिली नाही. मी वाट बघत होते, पण तिनं डबाच खुळखुळवला. कोपऱ्यात एक कोंबडी खुडूक बसली होती. टोपली तयार होती, राख, भुसकट, खिळा. पितळीत अंडी काढून ठेवली होती.

"सुरेखा, ये की गं," काकूनं हाक मारली. "उनं उतरली, अंडी ठिव."

"आत्या, पीठ मळायले मी. तुमीच ठिवा की."

"तू ये."

मी म्हटलं, "काकू, तू ठेव ना."

काकू दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी होती. साधेपणानं म्हणाली, "मी न्हाई हात लावीत, माय. खाऊ घालते, औषध-पानी बगते, अंडी इकते. ठिवताना तेवढं दुसऱ्याच्या हातानं ठिवते. पयल्यापून हाय माजं तसं."

अडतीस वर्षं. अडतीस वर्षं ही बाई कोंबड्या पाळतेय आणि एकदाही तिनं कोंबडीखाली अंडं सारलेलं नाही.

मी सांगितलं. पाठ केलेलं काही आलं नाही, जे आलं ते सांगितलं. ताप आला होता, सगळे कापसाला गेले होते, हंडा, परात, पाणी कढत होतं. सुरेखा पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. काकू माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. मी थांबले. मग तिनं विचारलं,

"नाचली व्हती?"

"हो."

"किती?"

"सगळी."

"सगळी म्हंजी किती?"

"नऊ."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ, काकू. एक फुटलं ते मी पाहिलं. आत पिल्लू होतं. पुरं झालेलं. काबरीसारखंच होतं."

ती खाली बसली. पदराखालून हात काढले, मांडीवर उलटे ठेवले आणि तळव्यांकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल. मला वाटलं, जवळ घेईल, म्हणेल, ल्हान व्हतीस तू. मी त्यासाठीच गेले होते, हे मला तेव्हा उमगलं. तिनं तसं काही म्हटलं नाही.

"सुरेखा," ती म्हणाली, "ऐकलंस का?"

"ऐकलं, आत्या."

"जाय, शेजारच्या कौसाला बोलाव. तिच्या सासूला बी बोलाव." मग माझ्याकडं वळली. "सांग त्यायला."

आणि मी सांगितलं. कौसा आली, तिची म्हातारी सासू काठी टेकत आली, आणखी दोघी आल्या. प्रत्येकीला काकूनं माझ्यासमोर बसवलं, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगितलं. टाळ्यांचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. म्हातारीनं विचारलं, "आन मंग सांगितलं कामून न्हाई गं तवाच?" मी काकूकडं बघितलं. तिनं मला सोडवलं नाही. शेवटच्या बाईला सांगून झालं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता आणि जिंतूरच्या बसची वेळ झाली होती.

निघताना मी डालगं पुढं केलं. काकूनं ते घेतलं, उलटंसुलटं केलं, उंदरांनी खाल्लेल्या जागेवर बोट फिरवलं. "हितं ऱ्हाऊ दे," म्हणाली. थांब म्हणाली नाही, पुन्हा ये म्हणाली नाही. फाटकापाशी जाऊन मी मागं बघितलं. सुरेखा पितळी घेऊन वाकत होती, तर काकू तिला म्हणाली, "ठिव ती खाली." मग ती टोपलीपाशी मांडी घालून बसली आणि पितळीतली अंडी एकेक करून ओटीत घ्यायला लागली. मी मोजली. नऊ झाल्यावर ती थांबली.

*

त्या दिवसापासून मी शाळेच्या डायरीत रोज एक आकडा लिहीत होते. एकोणिसाव्या दिवशी माझ्याच्यानं वर्गात शिकवलं गेलं नाही. एकविसावा काल गेला. फोन आला नाही. मीही केला नाही.

आज सकाळी मी पडवीत माझ्या कोंबडीला पाणी ठेवत होते, तिनं नेमानं चोच मारली, आणि फोन वाजला. नंबर सुरेखाचा, आवाज काकूचा.

"सात निंगाली."

मी विचारलं, "आणि दोन?"

"दोन न्हाई. फोडून बगितली म्या. एक भरलंच न्हवतं. दुसरं भरून मेलं."

"असं होतं काकू. नऊतली सात म्हणजे—"

"म्हाईत हाय मला. होतंय तसं." ती म्हणाली. "ही दोन माज्या हातची गेली. ती नऊ तुज्या हातची. ध्यानात ऱ्हाऊ दे."

"हो, काकू."

तिनं फोन खाली ठेवला. तो बंद कसा करायचा ते तिला कळलं नसावं, किंवा तिनं केला नसावा, तो तसाच टोपलीपाशी राहिला. आधी पिलांचं बारीक चिवचिवणं ऐकू येत होतं. मग जरा लांबून, अंगणाच्या त्या टोकाकडून, म्हाताऱ्या झालेल्या गळ्यातून हाक आली. तीऽव, तीऽव. शेवटचा सूर वर गेला आणि तिथंच थांबला.